गेम दुकानातून गायब होण्याआधी

विशलिस्टमधल्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या किंवा गाजलेली गाणी असतील, तर सेलची वाट बघत फार ताणू नका. त्या गाड्या-गाणी गेममध्ये वापरण्याचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की अनेकदा गेम विक्रीतून काढला जातो. 'फोर्झा होरायझन ४' हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम असाच १५ डिसेंबर २०२४ ला गेला.

आधी घेतलेला गेम सहसा लायब्ररीत राहतो, पुन्हा डाउनलोडही होतो. फसगत होते ती डीएलसीत, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या मिळणाऱ्या जादा भागांत. फोर्झाच्या डीएलसीची स्वतंत्र विक्री जूनमध्येच थांबली होती, म्हणजे मूळ गेमच्या जवळपास सहा महिने आधी! म्हणून विक्री थांबण्याची घोषणा वाचताना डीएलसीची तारीख वेगळी शोधा.

कंपनीच्या सर्व्हरला इंटरनेटने जोडल्याशिवाय न चालणाऱ्या गेमची गोष्टच निराळी. 'द क्रू' या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. असा गेम शेवटच्या सेलमध्ये कितीही स्वस्त दिसला तरी मी तरी घेणार नाही.

जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर (इंटरनेटशिवाय गेम बसवणारी फाइल) उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. तुमची खेळातली प्रगती साठवणारी सेव्ह फाइल बहुतेकदा वेगळ्याच फोल्डरमध्ये असते, तीही आठवणीने कॉपी करा.