रिकाम्या हाताने परतलेल्या वाचकाची नोंद

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील आपल्या ग्रंथालयांत पुस्तकखरेदी पुष्कळदा विक्रेत्याच्या यादीवर आणि समितीच्या आवडीवर ठरते. त्याऐवजी पुरावा पाहून निर्णय घेण्याची, म्हणजेच पुराव्यावर आधारित ग्रंथालयकार्याची पद्धत 1990 च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकशास्त्रातून ग्रंथालयांकडे आली. प्रश्न मांडणे, पुरावा गोळा करणे, तो पारखणे, त्यानुसार कृती करणे आणि परिणाम तपासणे, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. लहान वाचनालयातील एकट्या ग्रंथपालालाही त्या चढता येतात.

सुरुवात देवघेवीच्या टेबलावरून करावी. मराठी माध्यमातून शिकलेला, नोकरीसाठी कन्नड शिकू पाहणारा तरुण येतो, ‘मराठीतून कन्नड शिकवणारं पुस्तक आहे का?’ असे विचारतो आणि नाही म्हटल्यावर निघून जातो. पण देवघेवीच्या वहीत फक्त दिलेली पुस्तके चढत असल्याने त्याच्या मागणीचा मागमूसही उरत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे सूत्र नेमके इथे निसटते. म्हणून टेबलावर शंभर पानी वही ठेवून तारीख, मागितलेला विषय, भाषा आणि ‘मिळाले की नाही’ असे चार रकाने आखावेत. वाचकाचे नाव मुळीच लिहू नये.

महिनाअखेरीस प्रमुखांनी ही वही कर्मचाऱ्यांसोबत बसून वाचावी आणि निदान एक तरी बदल करावा. वहीकडे कुणी पाहत नाही असे दिसले की अंदाजाने रकाने भरले जातात, आणि असा पुरावा नसलेला बरा.

नोंदींतून निघणारा प्रश्न लहान ठेवावा. ‘वाचन का घटले?’ याचे उत्तर आपल्या हाती लागणार नाही. ‘कन्नड शिकण्याची पुस्तके दर्शनी कपाटात ठेवल्यास तीन महिन्यांत त्यांची देवघेव वाढते का?’ याचे लागेल. आकडे पारखताना हंगामाचे भान हवे. खानापूर तालुक्यात जुलैमध्ये भाताच्या लावणीत घरेच्या घरे शेतात असतात. तेव्हा जुलैची तुलना जूनशी न करता गेल्या वर्षीच्या जुलैशी करावी.

या विषयावरचे, कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातून 2006 पासून निघणारे इंग्रजी नियतकालिक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. महिन्याला त्यातील एक लेख एका सहकाऱ्याने वाचून इतरांना मराठीत सांगावा, आणि त्यासाठी कामाच्या वेळेतलाच अर्धा तास द्यावा, सुट्टीतला नव्हे. आपल्या प्रयोगाचे एक पानी टिपण शेजारच्या वाचनालयांनाही पाठवावे. देवघेव वाढली नसेल, तर तेही त्यात तितक्याच स्पष्टपणे लिहावे.