न्यू जर्सी की टेक्सस: आधी घरात गाडी कोण चालवतं ते पाहा

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे नव्याने आलेल्याला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ऐकवतं. खरंच नाही. न्यू जर्सीत तो पगारातून कापला जातो. राहायला जर्सीत आणि नोकरी मॅनहॅटनमध्ये असेल तर आधी न्यूयॉर्क राज्याला भरायचा, मग जर्सी त्याचं क्रेडिट देते. पण तेवढ्यावर ऑफर स्वीकारू नका. मी दोन्हीकडे संसार केलाय. माझं मत असं, की राज्य निवडताना आधी घरातल्या गाडी न चालवणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाईल ते बघावं.

बायको किंवा नवरा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर येतो. वर्क परमिट नाही, लायसन्स नाही. जर्सीतल्या एडिसन-आयझेलिनला, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडच्या जवळपास भाड्याने राहिलात तर भाजी, किराणा, ब्लाउज शिवणारी बाई, मिठाईवाला, सगळं पायी. मेट्रोपार्कला न्यू जर्सी ट्रान्झिटची ट्रेन पकडली की थेट न्यूयॉर्क पेन स्टेशन. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले तर कोथिंबीर संपली म्हणून बाबा स्वतः जाऊन आणू शकतात, आणि वाटेत त्यांना बोलायला कुणी भेटतंही. (जानेवारीत नाही. बर्फ पडला की दारासमोरचा फुटपाथ तुम्हीच साफ करायचा असतो.)

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत घर मोठं मिळेल, देऊळ आणि देशी दुकानंही भरपूर. पण जायचं गाडीने. डार्टची (डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीची) रेल्वे प्लेनो, अर्व्हिंगला आहे, फ्रिस्को त्या व्यवस्थेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी कुणी पायी हिंडत नाही. म्हणजे दुसरी गाडी लवकरच लागते. तिचा हप्ता, विमा आणि महिन्याचं टोलटॅगचं (रस्त्यांच्या टोलचं) बिल मांडून बघा. इन्कम टॅक्समध्ये वाचलेले डॉलर इथे बऱ्यापैकी जिरतात.

घर विकत घ्यायचं म्हटलं की मात्र टेक्ससचं पारडं जड होतं. तेवढ्याच पैशात एडिसनला जुनं, लहान घर मिळतं. प्रॉपर्टी टॅक्स दोन्हीकडे चढाच. न्यू जर्सी तर त्यासाठी देशात बदनाम आहे, पण टेक्ससच्या नव्या वस्त्यांतही मडचा, म्हणजे पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक जिल्ह्याचा, कर धरून दर दोन टक्क्यांच्या वर सहज जातो. नवं बांधकाम घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. टेक्ससमध्ये टॅक्स १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्यावर लागतो. तेव्हा नुसता प्लॉट असेल तर पहिलं बिल प्लॉटचं येतं, बँक त्याच हिशेबाने एस्क्रो (कर-विम्यासाठी हप्त्यासोबत घेतलेली रक्कम) कापते, आणि पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की हप्ता एकदम काहीशे डॉलरने वाढतो. कुणी फसवलेलं नसतं, फक्त आधी कुणी सांगितलेलं नसतं. राहायला गेलात की होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज भरा. त्यानंतर करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मूल्यांकन जास्त वाटलं तर साधारण १५ मेपर्यंत प्रोटेस्ट करता येतो. जरूर करा, इथे सगळेच करतात.

टेक्ससमध्ये गारपिटीने छप्पर जातं, तेव्हा विम्यातलं विंड-हेल डिडक्टिबल (वारा-गारांच्या नुकसानीत आधी आपण भरायची रक्कम) घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यांत आहे का ते सही करण्याआधी वाचा. डॅलसकडची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, म्हणून लोक घराच्या पायालाही पाणी देतात. वीज कंपनी बहुतेक ठिकाणी आपणच निवडायची. करार संपायची तारीख कॅलेंडरवर टाका, नाहीतर नंतर महाग दर लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत लाखो घरं दिवसेंदिवस अंधारात होती, त्यामुळे शेगडी गॅसची असलेली बरी.

येत्या वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विचार असेल तर जर्सीच. राज्याच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून १२ आठवड्यांपर्यंत पगाराचा बराचसा भाग मिळतो, आईला आणि बाबालाही. टेक्ससमध्ये पगारी रजा कंपनीच्या मर्जीवर. मुलं हायस्कूलच्या वयाची असतील तर हिशेब वेगळा: टेक्ससमध्ये १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश आहे, पण यूटी ऑस्टिनची अट त्याहून कडक. आणि चुरशीच्या शाळेत, जिथे अर्धा वर्ग आपल्यासारख्यांचाच, तिथे वरच्या दहा टक्क्यांत येणं काय असतं ते मुलांनाच विचारा.

मराठी माणसांची उणीव दोन्हीकडे भासणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला आणि २०२२ ला अटलांटिक सिटीला झालं, यावरूनच काय ते समजा. गणपतीला हॉल अपुरा पडतो.

आधी एक वर्ष भाड्याने राहा, आणि कुठेही उतरलात तरी घरातल्या दोघांनीही ड्रायव्हिंगची परीक्षा लगेच द्या. दुसऱ्या राज्यातलं लायसन्स असेल तर ते बदलून घ्यायला न्यू जर्सी ६० दिवस देते, टेक्सस ९०.