बृहत् आराखड्याची सुरुवात कोठून करावी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा, म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रात कोठे कोणते उच्च शिक्षण द्यायचे याची योजना, तयार करावा लागतो. प्रत्यक्षात ही चर्चा बहुतेक वेळा कोणत्या तालुक्यात किती नवी महाविद्यालये द्यायची, या ‘बिंदूं’भोवतीच फिरते. समाजाच्या पुढच्या गरजा ओळखायच्या असतील, तर आपल्या कार्यक्षेत्रात कोणती नवी कामे उभी राहत आहेत आणि ती करणारी माणसे कोठे कमी पडत आहेत, याची नोंद आधी करावी.

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र उदाहरणादाखल पाहू. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा व सांभाळण्याचा गावाचा हक्क, मिळाला आणि पुढे या भागातील अनेक ग्रामसभा जंगलाचा कारभार स्वतः पाहू लागल्या. ग्रामसभेला बांबू विकायचा, तर जंगलाची हद्द जीपीएसने मोजणे, कोणत्या पट्ट्यात कधी तोड करायची ते ठरवणे, निविदा काढणे, वाहतूक परवाने देणे आणि मजुरीचे हजेरीपत्रक ठेवणे, ही सगळी कामे अंगावर येतात. त्यांत भूगोल, वनस्पतिशास्त्र, कायदा आणि वाणिज्य एकाच वेळी लागते. कामांची अशी यादी ग्रामसभेत बसून, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊनच करावी. ईमेलने प्रश्नावली पाठवून ती होत नाही.

ही यादी संबंधित विषयांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांच्या एकत्रित बैठकीत मांडावी. घोडे अडते ते येथेच, कारण आपल्या विषयाचे तास सोडायला कोणीच राजी नसते. म्हणून लगेच नव्या पदवीचा घाट घालू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेतच, ते आधी या कामांसाठी वापरावेत.

शिकवण्यासाठी अनुभवी माणसे बाहेरून आणता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमता येतात आणि त्यांना औपचारिक पदवीची अट नाही.

आज ग्रामसभेचे हिशेब पाहणाऱ्या प्रौढांसाठी छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळे ठेवावेत. त्यांचे वर्ग आणि परीक्षा मे महिन्यात मात्र लावू नयेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात ही मंडळी जंगलात असतात.