घरच्या पार्किंगमध्ये गाडी खोलताय? आधी जॅकच्या पायाखाली बघा

गेली दहा-बारा वर्षं माझ्या जुन्या वॅगनारची बरीचशी कामं मी घरीच करतो, म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, बॅटरी असली. पैसे वाचतात हे खरं, पण मुळात हौस. आणि हौशी माणसाचा प्रॉब्लेम असा की पाना हातात आला की त्याला घाई सुटते. मला लागलेले सगळे फटके त्या घाईतलेच आहेत, म्हणून पाना उचलायच्या आधी काय करायचं त्याबद्दलच जास्त लिहितोय, काम कसं करायचं त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत.

सगळ्यात आधी जॅक. गाडीसोबत डिकीत जो कात्रीसारखा जॅक येतो ना, तो फक्त रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं सोडा, हातसुद्धा घालायचा नाही. मी काय केलं होतं ते सांगतो. ऑगस्ट महिना, सोसायटीच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक, वरून मस्त सपाट दिसतात, पण पावसाने खालची वाळू वाहून गेलेली. जॅक लावला, चाक काढलं, आणि ब्रेककडे वाकलो तर जॅकचा पाय एका बाजूने बसायला लागला, आवाज पण नाही काही, नुसता ब्लॉक हळूच आत जातोय आणि जॅक तिरका होतोय. मी मागे सरकलो तेवढ्यात गाडी आली खाली. काढलेलं चाक मी सवयीने दाराखालच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवलं होतं म्हणून ती त्यावर टेकली, नाहीतर ब्रेकच्या डिस्कवर आदळली असती आणि माझा डावा हात तिथेच होता. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "अरे काय पडलं रे?" म्हटलं, "काही नाही काका, पाना पडला." दहा मिनिटं नुसता कट्ट्यावर बसून होतो.

तर जमीन कडक आणि सपाट हवी. पेव्हर, माती किंवा उन्हात मऊ पडलेलं डांबर असेल तर जॅकखाली जाड प्लायचा किंवा लाकडाचा फूटभर तुकडा टाका म्हणजे वजन पसरतं. उतारावर काम करूच नका, थोडासा आहे म्हणून चालतंय असं काही नसतं. जॅक लावायची जागा ठरलेली असते, दाराखाली पत्र्याची जी कड येते तिच्यात पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे खाचा दिसतील, तिथेच. ऑइलच्या चेंबरखाली जॅक लावून गाडी उचलणारे मी पाहिलेत, चेंबर चेपतो आणि गाडी घसरते ते वेगळंच.

आता हँडब्रेक ओढला की झालं असं वाटतं ना, तसं नाहीये. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची दोन्ही चाकं उचलली की तो असून नसल्यासारखा. बरं, गिअरमध्ये टाकली म्हणाल तर इंजिनाची ताकद जाते पुढच्या चाकांना, आणि पुढचं एक चाक हवेत असलं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, ते हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं सरकू शकतं, म्हणजे गिअर पण धरत नाही. म्हणून तिन्ही करायचं, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि जी बाजू उचलणार नाही तिकडच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे नाहीतर चांगले मोठे दगड. घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर सगळ्यात आधी चाकाला दगड लावायला धावतो, उगाच नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्या. गाडी जॅकवर चढवून मग पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या म्हणजे ती स्वतःच्या अंगावर पाडून घ्यायची तयारी.

खाली जायचं असेल तर जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय, पाहिजेतच, जोडी मिळते, दोन टनाची आपल्या छोट्या गाडीला भरपूर होते. विटा नाही, सिमेंटचे ब्लॉक पण नाही, भिंतीत कितीही मजबूत असले तरी एका टोकावर भार आला की न सांगता फुटतात, आणि रिकामी वॅगनार झाली तरी साडेआठशे किलोच्या आसपास आहे. मोठ्या हायड्रॉलिक ट्रॉली जॅकवर पण विश्वास नको, त्याचा एक सील गेला की गाडी खाली. स्टँडवर ठेवली की बाजूने दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. पडायची असेल तर आत्ता पडू दे, तुम्ही बाहेर असताना.

दुसरी गोष्ट रेडिएटर, इथे हुशार माणसं पण फसतात. खंबाटकी घाट चढून आलात, काटा लाल पट्टीत, घरी पोचल्या पोचल्या बॉनेट उघडलं आणि झाकणाला हात घातला. त्या झाकणावर बारीक आकडा असतो बघा, ०.९ नाहीतर १.१, तो प्रेशरचा, आणि आपल्या स्वयंपाकघरातला कुकर पण साधारण १ बारलाच शिट्टी मारतो. शिट्टी होत असताना कुकरचं झाकण कोणी उघडेल का? आतलं पाणी १०० डिग्रीच्या वर गेलेलं असतं, फक्त दाबामुळे उकळत नसतं, झाकण सुटलं की ते एकदम उकळून वाफेसकट तोंडावर. तास-दीड तास थांबा, वरचा जाड रबरी पाइप दाबून बघा, गार आणि मऊ लागला पाहिजे, मग झाकणावर जाडं फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तडकू शकतं. आणि कूलंट सांडलं तर लगेच धुऊन टाका, ते चवीला गोड असतं, सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात.

रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावर पण अचानक चालू होऊ शकतो, तेव्हा त्याच्या आसपास हात घालायचा असेल तर बॅटरी सोडवून. सोडवताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे, गाडीची सगळी बॉडीच निगेटिव्ह असते, निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट खोलायला गेलात आणि १० नंबरचा पाना कुठे बॉडीला टेकला की झालं शॉर्ट. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण शॉर्टमध्ये अंगठी किंवा कडं सापडलं तर ते क्षणात लाल होतं, बोटातून निघत पण नाही. अंगठी, घड्याळ, कडं काढून खिशात. आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे वाकून काडी ओढायची नाही, पाणी किती आहे बघायला लायटर पेटवणारे महाभाग आहेत अजून. ॲसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५-२० मिनिटं डोळा धरा, मग डॉक्टर. शंभर रुपयाच्या आसपास साधा सेफ्टी चष्मा मिळतो, तो घातला तर ही वेळच येत नाही, गाडीखाली झोपल्यावर डोळ्यात पडणारी गंजाची माती पण वाचते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली खाली साठते, त्यामुळे बेसमेंटमध्ये पेट्रोल पाइपचं काम नको आणि इंजिन चालू ठेवून काम तर अजिबात नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नुसतं डोकं जड होतं आणि माणूस झोपतो. जवळ आग विझवायचं एबीसी पावडरचं छोटं सिलिंडर ठेवा, नाहीतर बादलीभर वाळू, पेट्रोलवर पाणी टाकलं तर आग पसरते. उजेडाला २३० व्होल्टचा बल्ब वायरने लोंबकळत आणण्यापेक्षा चार्जिंगची एलईडी टॉर्च बरी.

काही कामं घरी करायचीच नाहीत. सीएनजीच्या टाकीत २०० बारचा दाब असतो, तिच्या पाइपला पाना लावू नका. शॉकअपची (शॉक ॲब्सॉर्बरची) स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर हाड मोडते. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, आणि इलेक्ट्रिक-हायब्रिड गाडीतल्या जाड नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या, दोन्हीपासून लांब. इथे कमीपणा नाही, गॅरेजवाल्याला द्या.

घरात कोणाला तरी सांगून खाली जा, आणि फोन पँटच्या खिशात नको, हाताला लागेल असा शेजारी ठेवा. बाही घट्ट, गळ्यात गमछा-ओढणी काही नको, फिरत्या बेल्टमध्ये जाते.

एक राहिलंच. ब्रेक पॅड बदलले असतील तर गाडी हलवायच्या आधी पेडल पाच-सात वेळा दाबा, ते कडक लागेपर्यंत. पॅड बसवताना पॅडला दाबणारा ब्रेकचा पिस्टन मागे ढकललेला असतो त्यामुळे पहिल्या दाबाला पाय सरळ तळाला जातो, ब्रेक लागतच नाही, आणि समोर सोसायटीची भिंत किंवा कुणाची तरी नवी गाडी असते. मग पार्किंगमध्येच चालत्या माणसाच्या स्पीडने एक चक्कर, दोनदा ब्रेक मारून बघा, आणि पन्नास-एक किलोमीटर झाले की चाकांचे नट परत एकदा तपासा.