बोटीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग स्पंजासारखं लागत होतं, हवा अशी काढली

नारळी पौर्णिमेनंतर मालवणात फायबर बोट पाण्यात उतरवली, तर स्टिअरिंग दोन फेरे फुकट फिरे, मग इंजिन वळे. तेल टॉपअप केलं, नळ्यांचे नट आवळले, सीलही बदललं. पंधरा दिवस डोक्याला ताप.

दोष तेलाच्या नळ्यांत अडकलेल्या हवेचाच होता. तेलाच्या दाबाने इंजिन वळवणाऱ्या माझ्या सिलिंडरचं धड स्थिर, दांडा सरकतो. उलटं असेल तर मॅन्युअल पाहा. स्टिअरिंगच्या चाकामागच्या पंपाच्या तेल भरायच्या भोकाला पारदर्शक नळीने स्टिअरिंग ऑइलची बाटली उलटी जोडली, हवा आत जायला बुडाला बारीक छिद्र पाडलं. चाक उजवीकडे पूर्ण फिरवलं, दांडा उजवीकडे बाहेर आला. सिलिंडरचा उजवा निपल (हवा काढायचं छोटं तोंड) उघडून त्यावर नळी चढवली, तिचं टोक डब्यात. भाच्याने दांडा घट्ट धरला आणि मी चाक सावकाश डावीकडे फिरवत राहिलो. आधी फसफस, पांढुरकं तेल, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. चाक फिरतं ठेवूनच निपल बंद. मग तसंच डावीकडून, चाक उजवीकडे फिरवत.

पहिल्या खेपेला बाटली मध्येच रिकामी झाली, पंपाने पुन्हा हवा ओढली आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून दुसरी बाटली हाताशी ठेवा.