रिकाम्या खोलीचं चित्र कसं पाहावं

मोने, व्हॅन गॉग सगळ्यांच्या ओळखीचे. फारसं नाव न ऐकलेल्या चित्रकाराकडे वळायचं असेल तर डेन्मार्कचा विल्हेल्म हामर्सहॉय (१८६४–१९१६) घ्या. त्याचंही एकच चित्र घ्या, १९०० सालचं. नाव साधारण असं: उन्हाच्या तिरिपेत नाचणारे धूलिकण. कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात ते आहे, आकाराने जेमतेम ७० बाय ५९ सेंटिमीटर.

चित्र इंटरनेटवर शोधून मोबाइलवर उघडायचं, पण पहिलं काम म्हणजे मोबाइलचा नाइट मोड बंद करा. हसू नका. सगळा खेळ करड्या छटांचा आहे, स्क्रीन पिवळी पडली की तो गेलाच. लॅपटॉप असेल तर उत्तम.

मग काहीही न वाचता पाच मिनिटं नुसतं बघा. खिडकी, बंद दार, भिंत, जमीन. माणूस नाही, खुर्चीसुद्धा नाही. आता एक पाठकोरा कागद घेऊन पेन्सिलीने ढोबळ आराखडा काढा. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही, काढताना नजर एका जागी थांबते एवढंच हवंय. खिडकीचे चौकोन काढून झाले की लक्षात येतं, तेच चौकोन खाली जमिनीवर तिरके होऊन सांडलेत.

नंतर झूम करून धूळ शोधा. ठिपके दिसतील असं वाटतं, पण हाती लागतात उजेडाचे तिरके, धुरकट पट्टे. धूळ बरीचशी आपणच मनाने भरतो. नाव वाचलं नसतं तर भरली असती का, हे स्वतःला विचारून बघा.

आता वाचा. ही खोली कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगाडे ३० या घरातली. १८९८ ते १९०९ तो आणि बायको इडा तिथे राहत, आणि याच खोल्या तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. इडा बहुतेकदा पाठमोरी, काळ्या कपड्यांत. चरित्रात फार रमू नका. १८८५ मध्ये बहीण ॲनाच्या व्यक्तिचित्राला स्पर्धेत डावललं, तेव्हा इतर चित्रकारांनी निषेध केला होता, एवढं पुरे.

शेवटी लंडनच्या टेट संग्रहालयातलं, याच घरातलं १९०६ चं जमिनीवरच्या उन्हाचं चित्र उघडा. पहिला कागद टाकला नसेलच. तो शेजारी ठेवा आणि दुसरा आराखडा सुरू करा.