पहिली आवृत्ती? आधी पुठ्ठ्यावर बोट फिरवा

जुन्या अमेरिकन रहस्यकथेच्या हार्डकव्हरवर ‘फर्स्ट एडिशन’ दिसलं की लगेच पाकीट काढू नका. बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, स्वस्त प्रतींतही हे शब्द कधीकधी तसेच राहून जातात. आधी जॅकेटची, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाची, आतली घडी बघा. तिथे किंमत नसेल, किंवा कोपरा कात्रीने तिरका कापलेला असेल, तर जॅकेट उतरवा आणि मागच्या पुठ्ठ्याचा खालचा, कण्याजवळचा कोपरा उजेडात तिरपा धरा. बोटाला लागेल असा छोटासा गोल किंवा चौकोनी खळगा सापडला, तर प्रत बुक क्लबची. (मी एकदा फुटपाथवर घाईत प्रत घेतली. खळगा सापडला तो घरी, टेबललॅम्पखाली.)

मग कॉपीराइटच्या पानावरची, कितवी छपाई ते सांगणारी आकड्यांची ओळ बघा. ती साधारण सत्तरच्या दशकानंतरच्या पुस्तकांतच भेटते. त्यात १ असेल तर सहसा पहिली छपाई. रँडम हाउस या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने मात्र बरीच वर्षं ‘फर्स्ट एडिशन’ लिहून ओळ २ पासून सुरू केली, तेव्हा १ नाही म्हणून ती प्रत परत ठेवू नका.

आणि जॅकेट फाटलेलं असलं तरी सेलोटेप अजिबात नको. किमतीचा मोठा वाटा त्या कागदाचाच असतो. पारदर्शक कव्हर घाला, बस्स.